स्वतःच्या नॉबला हात लावायचा नाही

आमच्या शॉपमध्ये माणसाला त्याच्या गावाच्या नावानं हाक मारतात. लेथवरचा औसा, मिलिंगवरचा उदगीर. एकाच गावचे दोघं निघाले तर धाकट्याला शेजारच्या खेड्याचं नाव मिळतं. मी नांदेडहून इथे लातूरला नोकरीला आले तेव्हा मला वाटलं होतं, आठवड्याभरात मीही नुसती ‘नांदेड’ होईन. झाले नाही. मी ‘मॅडम’ झाले आणि मॅडमच राहिले. वर्षभरानं दुसरी डिझायनर मुलगी आली. ती पहिल्या दिवशी चहाच्या वेळेपर्यंत ‘जळकोट’ झालेली होती.

तिच्याबद्दल मला वाटणाऱ्या गोष्टींची सुरुवात तिथून झाली असावी.

आमचं शॉप एमआयडीसीत आहे. पुढे पत्र्याची शेड, तिच्यात मशिनी. मागे काचेच्या दाराची खोली, तिथे एसी आहे म्हणून तिला सगळे ‘थंड खोली’ म्हणतात. आम्ही कॉलेजांच्या प्रयोगशाळांना लागणारी उपकरणं बनवतो, आणि त्यांतलं बारीक सरकवण्याचं काम माझ्याकडे होतं. मायक्रोस्कोपचं उदाहरण सोपं आहे. नॉब फिरवला की काच ठेवलेलं टेबल केसाच्या जाडीपेक्षाही कमी वर किंवा खाली सरकायला हवं, आणि नॉब उलटा फिरवला की त्याच क्षणी उलटं यायला हवं. साध्या स्क्रूनं ते जमत नाही. स्क्रूच्या आणि नटाच्या आट्यांमध्ये थोडी फट असतेच, त्यामुळे दिशा बदलली की नॉब आधी जरासा रिकामा फिरतो आणि मग टेबल हलतं. त्या रिकाम्या फिरण्याला शॉपमध्ये ‘प्ले’ म्हणतात. माझी सगळी नोकरी त्या प्लेच्या मागे लागण्याची आहे.

शॉपचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणतो, त्यांचा यात एक नियम आहे. ज्याचं ड्रॉइंग, त्यानं तपासणीत नॉबला हात लावायचा नाही. तपासायचं दुसऱ्यानं. सर म्हणतात, बनवणाऱ्याच्या बोटांना आपल्या वस्तूची खोड माहीत असते. ती बोटं नकळत त्या खोडीला वळसा घालून जातात, नेहमी एकाच बाजूनं येतात, अवघड जागेवर जरा हळू होतात, आणि माणूस खोटं न बोलताही वस्तू चांगली दिसते. मी एकटी डिझायनर होते तेव्हा माझं काम फिटर मामा तपासायचे. मामा म्हणजे शॉपमधले सगळ्यांत जुने, सगळ्यांचेच मामा. ते नॉब फिरवून नुसतं “बरं हाय” किंवा “जमंना” एवढंच म्हणायचे. मला ते पुरायचं. मीही तेवढीच बोलते.

जळकोट आली तेव्हा मी तिला ‘तुम्ही’ म्हणत होते. वय सारखं, डिग्री सारखी, तरी मला पटकन ‘तू’ म्हणता येत नाही. आमच्या शाळेत सगळं इंग्रजीतून होतं. मराठी घरी, तीही मम्मी-पप्पांशी आणि मोजकी. नव्या माणसाशी मराठी बोलताना माझं वाक्य आधी मनात तयार होतं, मग मी ते तपासते, आणि तोवर समोरच्याचा विषय बदललेला असतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं मला थांबवलं. “नांदेड, मी काय तुझी सासू हाय का? तुम्ही-तुम्ही काय करून राहिलीस?”

मला या शॉपमध्ये नांदेड म्हणणारी ती पहिली. मला ते आवडलं, आणि ते तिच्याकडून मिळालं म्हणून आवडलं नाही.

तिच्या घरी शेती आहे, शाळा गावातच मराठीतून झाली, मग उदगीरला, मग डिग्री. हे तिनं स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं होतं, पहिल्याच चहाला. मी इतक्या दिवसांत माझ्याबद्दल जेवढं सांगितलं नव्हतं तेवढं. शॉपमध्ये चहा दोन ठिकाणी होतो. ऑफिसात कपात, आणि गेटजवळ पाण्याच्या ड्रमापाशी कागदी पेल्यात. मी ऑफिसात घ्यायचे. तिनं एकदा ऑफिसात घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून ड्रमापाशी. तिथून तिचं हसणं ग्राइंडरच्या आवाजावरूनही ऐकू यायचं. आपल्याला न बोलावलेल्या ठिकाणाकडे पाहावं तशी मी ऑफिसच्या काचेतून त्या ड्रमाकडे पाहायचे. वास्तविक मला कुणी येऊ नको म्हटलेलं नव्हतं.

आणि कामात ती चांगली होती. तिचं ड्रॉइंग ढिसाळ असतं तर मी तिच्याशी फार प्रेमानं वागले असते.

गेल्या उन्हाळ्यात सरांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. आम्ही मायक्रोस्कोप जुळवत होतो, पण त्यातली बारीक फोकसची यंत्रणा बाहेरून आणत होतो. सर म्हणाले, आता ती आपली करायची. “दोघी वेगवेगळ्या करा. एक ठेवू.”

एक ठेवू. जी ठेवतील ती पुढे आमच्या प्रत्येक मायक्रोस्कोपमध्ये जाणार, कुठल्यातरी कॉलेजातल्या मुली तो नॉब फिरवून कांद्याची पातळ साल पाहणार. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की घरी मी याबद्दल एक अक्षर काढलं नाही.

माझ्या डोक्यात उत्तर आधीपासून होतं. एकाच दांड्यावर दोन प्रकारचे आटे पाडायचे, एकापेक्षा दुसरे किंचित बारीक. नॉब फिरला की एका आट्यानं टेबल पुढे जातं आणि दुसऱ्यानं जवळजवळ तेवढंच मागे येतं. उरतो तो त्या दोघांमधला फरक, अगदी इवलासा. प्ले मारण्यासाठी मी आत एक ताकदीची स्प्रिंग बसवली, आटे नेहमी एकाच अंगाला दाबून ठेवणारी. कागदावर ते फार देखणं दिसत होतं. मी ते ड्रॉइंग स्क्रीनवर मोठं करून नुसतं बघत बसायचे.

त्याच सुमाराला जळकोट एका इंग्रजी पुस्तकातल्या पानाची झेरॉक्स घेऊन माझ्या टेबलापाशी आली. एका लांबलचक वाक्यावर तिनं पेन्सिल टेकवली. “हे जरा सांग ना. शब्द कळून राहिलेत, वाक्य नाही.”

मी वाचलं आणि सांगितलं. सरकणारी वस्तू घासली की अडखळते, म्हणून तिला घासूच द्यायचं नाही. पोलादाच्या दोन पातळ पट्ट्यांवर टेबल टांगायचं आणि पट्ट्या वाकवायच्या. पट्टी वाकते, टेबल सरकतं, कुठेच काही कशावर घासत नाही. आटा नाही तिथे प्ले कुठून येणार.

सांगता सांगता मला कळलं की हे पान मी पाहिलेलं आहे. कॉलेजात, त्याच पुस्तकात. परीक्षेला येत नाही म्हणून उलटलेलं.

“भारी हाय हे,” ती म्हणाली आणि झेरॉक्स घेऊन सरळ मामांकडे गेली. संध्याकाळपर्यंत मामांनी तिच्यासाठी कपाटाच्या तळातून स्प्रिंग स्टीलची पट्टी शोधून काढली होती. माझ्या स्प्रिंगसाठी मी स्टोअरला लेखी मागणी दिली होती.

त्या शनिवारी मी नांदेडला गेले. मम्मीनं भाकरी टाकता टाकता विचारलं, कसं चाललंय. मी म्हटलं, ठीक. मग मी तिला सांगू लागले की शॉपमध्ये एक मुलगी आहे, ती फार मोठ्यानं हसते. तिला मामा अशी पट्टी काढून देतात. ती डबा सगळ्यांसमोर उघडते, त्यात ठेचा असतो आणि सगळे हात घालतात. तिचं अक्षर बरं नाही. ती केसांना इतकं तेल लावते, तरी ते छान दिसतात.

मम्मी म्हणाली, “जेवण संपलं तुझं. कवा संपलं तेबी कळलं न्हाई तुला.”

“मग?”

“मग काही न्हाई. तासभर त्या पोरीचंच चालू हाय. घरी तरी घेऊन ये तिला.”

“तिला कशाला आणायचं घरी?”

“मला बघायची हाय,” मम्मी म्हणाली. “इतकं काय हाय तिच्यात ते.”

मी ताट उचलून मोरीत ठेवलं. परतीच्या बसमध्ये अहमदपूरपर्यंत माझ्या मनात एकच विचार होता. त्या पट्ट्यांत काहीतरी खोट असलीच पाहिजे. कशातच खोट नसते असं होत नाही.

तपासणीच्या दिवशी थंड खोलीत आम्ही चौघंच होतो. सर, मामा, ती आणि मी. समोर दोन मायक्रोस्कोप, दोन्हींच्या सरकत्या टेबलाखाली बारीक काट्याचा डायल लावलेला, म्हणजे टेबल किती सरकलं ते डोळ्याबरोबर काट्यालाही कळावं. खालून उजेडासाठी दिवा. वर काचेच्या तुकड्यावर कोरलेली एक रेघ, तीच पाहायची. नियमाप्रमाणे माझा नॉब ती फिरवणार होती आणि तिचा मी.

आधी माझा. मी भिंतीला टेकून उभी राहिले. तिनं डोळा लावला आणि माझ्या नॉबवर दोन बोटं ठेवली. तिच्या अंगठ्याच्या नखाशी ऑइलची काळी रेघ होती. मला त्या क्षणी तिची बोटं अजिबात आवडली नाहीत.

तिची सवय अशी की हाताला जे जाणवेल ते तोंडानं बोलत राहायचं. “चाललंय... छान चाललंय... प्ले न्हाई. उलटं घेते. न्हाई, प्ले न्हाईच.” मी भिंतीपासून जरा पुढे झाले. मग ती थांबली, पुन्हा थोडं पुढे, थोडं मागे. “पन सुरुवातीला रुसतंय, सर. अगदी कणभर हलवायला गेलं की आधी हलतच न्हाई, अन् मग एकदम पळतं.”

मामा हसले. “नव्या सुनेवानी.”

“माहेरची गाडी आली की पळती,” ती म्हणाली, आणि सरही हसले.

त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण मला माहीत होतं ती काय सांगते आहे. स्प्रिंग फार ताकदीची झाली होती. प्ले मारायच्या नादात मी आटे इतके दाबून धरले होते की ते चिकटून बसत आणि मग सुटत. माझा हात असता तर, सरांचं म्हणणं खरं होतं, मी नकळत नॉब जरा जोरात सुरू केला असता आणि कुणालाच कळलं नसतं. मलासुद्धा.

मग मी तिच्या मायक्रोस्कोपपुढे बसले. ती माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभी राहिली, तिच्या तेलाचा वास आला.

नॉब फिरवला. रेघ धूसर झाली, स्पष्ट झाली, धूसर झाली. उलटा फिरवला, त्याच क्षणी उलटी. अगदी हळू सुरुवात केली, तरी तितक्याच हळू. कुठे अडकणं नाही, सुटणं नाही. बोटाखाली काही आहे असंच वाटत नव्हतं. असा नॉब मी कधी फिरवलेला नव्हता, आणि मला तो माझा हवा होता. चांगला आहे हे पटायला मला वेळ लागला नाही. ते मान्य करून उठायला लागला.

“झालं का, मॅडम?” सरांनी विचारलं.

“अजून बघते.”

पुन्हा फिरवला. डावीकडून, उजवीकडून, अर्धा फेरा, पाव फेरा. मामा बाहेर जाऊन तंबाखू मळून आले. तपासणीत एवढा वेळ कुणी बसत नाही. फिरवायचं, परत आणायचं, उठायचं. मी उठत नव्हते, कारण उठले की मला “चांगलं आहे” असं म्हणावं लागणार होतं. शेवटी करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मी रेघ पूर्ण स्पष्ट केली, हात मांडीवर घेतला आणि नुसती पाहत राहिले.

रेघेची कड पुसट होत गेली.

मला वाटलं डोळा दमला. पापण्या मिटल्या, पुन्हा पाहिलं. आणखी पुसट. मी डायलकडे पाहिलं. काटा एका रेषेवरून निघून दुसऱ्या रेषेकडे चालला होता, घड्याळाच्या तासकाट्यासारखा, हलताना न दिसता हललेला. नॉबला कुणाचाच हात नव्हता.

माझ्या अंगातून एक गोड लाट गेली. खोटं कशाला सांगू.

“हलतंय,” मी म्हटलं. पण माझा आवाज जसा आहे तसाच निघाला. सर मामांशी बोलत होते, त्यांना ऐकू गेलं नाही. मी दुसरं वाक्य मनात तयार करत होते तोवर ती माझ्या खांद्यावरून पुढे वाकली. काट्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल, टेबलाला धक्का लागला वगैरे.

“सर, इकडं या,” ती मोठ्यानं म्हणाली. “नांदेडनं पकडलं बगा. हात न लावता सरकून राहिलंय.”

सर आले, मामा आले. सगळे काट्यावर वाकले. काटा सावकाश चाललाच होता. मला बोलायला हवं होतं, हे माझं होतं, मला सापडलेलं होतं. मी दिव्याकडे बोट केलं. दिवा एका बाजूला होता, एका पट्टीच्या अगदी जवळ, आणि तापलं की पोलाद लांबतं. मी एवढंच म्हणाले, “एकच पट्टी तापतेय.”

तिनं पट्टीजवळ हात नेला. “हाव,” ती म्हणाली. “तापली.” आणि मग लगेच, माझ्याकडेच वळून, जणू आम्ही दोघी मिळून हे करत होतो, “मग दिवा मधोमध घेतला तर? अन् मधी एक पत्रा आडवा. दोन्हींना सारखंच लागंल मग.”

मी मान हलवली. बरोबर होतं. मीही तेच सांगितलं असतं, थोड्या वेळानं.

मामांनी तिथल्या तिथे अल्युमिनियमचा पत्रा कापून आणला, दिवा सरकवला. सगळं पुन्हा निवेपर्यंत आम्ही थांबलो. मग मी पुन्हा बसले, रेघ स्पष्ट केली, हात काढून घेतला. आम्ही चौघंही काट्याकडे पाहत होतो. मी मनातून त्याला हाक मारत होते, चल, जरा तरी चल. तो हलला नाही.

सरांनी तिचं ठेवलं. मला म्हणाले, तुमच्या स्क्रूचं पुढे कशाततरी बघू. त्यांनी ते मनापासून म्हटलं असेल. “आणि मॅडम, तुम्ही बसून राहिलात म्हणून सापडलं. नाहीतर हे कॉलेजात गेल्यावर कळलं असतं.” मी थँक्यू सर म्हणाले. मी का बसून राहिले होते ते मी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. तिच्या यंत्रणेतली एकमेव खोट मी शोधली होती, आणि त्यामुळे तिच्यात आता खोट उरली नव्हती. बाथरूममध्ये जाऊन मी बराच वेळ हात धुतले. हाताला काही लागलेलं नव्हतं.

त्या दिवशी ड्रमापाशी पेढे आले, तिनेच मागवले. तिनं माझा पेढा ऑफिसात आणून दिला. “तू नसतीस तर नाक कापलं असतं माझं,” ती म्हणाली. मला ती असं काही न बोलणारी हवी होती. जरा मिरवणारी, जरा कोती. मग मला माझ्या भावनेला काही कारण तरी दाखवता आलं असतं.

आता ते मायक्रोस्कोप नेहमीचे झालेत. एकेक जुळून थंड खोलीत येतो, आणि नियम तोच आहे. तिचं ड्रॉइंग, म्हणून हात माझा. सकाळी एसी लावते, दिवा लावते, रेघ स्पष्ट करते, हात मांडीवर घेऊन काट्याकडे पाहत बसते. थांबून बघायची ती पायरी आता तपासणीतच धरली आहे. तिच्या पट्ट्या नवीन असताना कशा वागतात, त्यांचे स्क्रू किती आवळल्यावर त्यांची बारीक करकर थांबते, हे मला इतकं माहीत झालंय की तिला स्वतःलाही नसेल. अजून रोज वाटतं की हे मी करायला हवं होतं. पान उलटायला नको होतं. रोज वाटतं तरी रोज नॉब फिरवताना बोटांना बरं वाटतं, आणि बरं वाटल्याचा पुन्हा राग येतो.

परवा पहिली मोठी खेप बाहेर पडायची होती. खोकी भरायला मामा थंड खोलीत आले होते. शेवटच्या मायक्रोस्कोपची तपासणी माझ्याकडून संपलेली नव्हती, काटा बघायचा राहिला होता. जळकोट ओढणीला हात पुसत आत आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

“कसं लागतं गं हाताला?” तिनं विचारलं. “सगळे म्हनतात लोन्यावानी लागतं. ह्या नव्या मालाला मी एकदाबी हात लावला न्हाई.”

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लगेच ओळखू आलं. ते मी बरेच दिवस काचेच्या आतून ड्रमाकडे पाहताना बाळगलेलं होतं.

तिनं हात पुढे केला, दोन बोटं, नखाशी तीच काळी रेघ. मी नॉबवर माझा हात ठेवला.

“न्हाई,” मी म्हटलं. “तुजा हात न्हाई. तपासनी चालू हाय.”

वाक्य मनात तयार न होताच बाहेर पडलं होतं. मामांनी खोक्याचा कागद दुमडता दुमडता वर पाहिलं. “ऐकलं का, जळकोट? मॅडम न्हाई म्हनल्या.”

ती हसली, पण हात लगेच मागे घेतला नाही. क्षणभर तिची बोटं माझ्या बोटांपाशी तशीच थांबली. मग तिनं ती ओढणीत गुंडाळली आणि काट्याकडे पाहत उभी राहिली. मी नॉब सोडला नाही. काटा बघण्याआधी हात काढायचा असतो हे मला माहीत होतं, तरी मी तो आणखी थोडा वेळ तिथेच राहू दिला.